हवेच्या दाबाचे घरगुती प्रयोग: कुठे फसतात आणि कोणत्या क्रमाने करावेत

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की आमच्या गल्लीतली पोरं ओले पुठ्ठे आणि काळवंडलेले कॅन घेऊन दारात येतात. २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन, शाळेत प्रदर्शन, आणि विषय दरवर्षी तोच: हवेचा दाब. "काका, व्हिडिओत तर बरोबर होते, आमच्याकडेच पुठ्ठा पडून राह्यला!" व्हिडिओवाल्याने फसलेले सात प्रयत्न कापून टाकलेले असतात, एवढं सांगून मी त्यांना आत घेतो.

फसण्याची कारणं ठरलेली आहेत. तयारी अर्धवट असते, पायऱ्या उलटसुलट होतात, आणि प्रयोग जमला तरी मुलं कारण चुकीचं सांगतात. ही शेवटची चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती सहसा कोणी दुरुस्त करत नाही.

खाली पाच प्रयोग आहेत, सोप्यापासून जोखमीच्यापर्यंत. ते याच क्रमाने करा, कारण प्रत्येकातली एक गोष्ट पुढच्याला लागते. जिथे गरज आहे तिथे पडताळाही दिला आहे, म्हणजे एकच गोष्ट बदलून पुन्हा करायचा प्रयोग. तो गाळू नका. परीक्षक प्रश्न विचारतात तेव्हा तोच कामी येतो.

## आधी दोन आकडे आणि एक बंदी

समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल धरतात. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे तो प्रत्यक्षात ९७० ते ९८०च्या घरात असतो. हा आकडा हिशोबाला फार सोयीचा आहे: दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ बरोबर एक किलो वजनाइतका जोर. मोबाइलमधल्या हवामानाच्या ॲपवर १००५ किंवा १०१२ दिसलं तर गोंधळू नका. तिथे सहसा समुद्रसपाटीला उतरवून काढलेला आकडा दाखवतात.

बंदी तीन शब्दांवर: खेचते, ओढते, शोषते. हवा फक्त ढकलते, आणि ती सगळ्या बाजूंनी ढकलते. म्हणून एरवी काहीच जाणवत नाही. एका बाजूचा दाब कमी झाला की दुसरी बाजू जिंकते. प्रत्येक प्रयोगात एकच प्रश्न विचारायचा: आतला दाब कशामुळे कमी झाला?

## टप्पा १: तयारी

सामान आदल्या दिवशीच एका टोपलीत भरून ठेवा. निम्मे प्रयोग "थांब, चिमटा आणतो" म्हणताना फसतात.

- काचेचे दोन साधे गिलास, काठ सलग आणि बिनचिरेचा
- प्लास्टिकचा एक कडक पेला
- जुनी लग्नपत्रिका किंवा तसाच गुळगुळीत जाड कागद
- कोल्ड्रिंकची एक लिटरची जाड बाटली, झाकणासकट
- तीन-चार मेणबत्त्या, खोलगट ताटली, तीन नाणी, खाण्याचा रंग
- तोंड जरा रुंद असलेली जाड काचेची बाटली, चार अंडी
- ॲल्युमिनियमचे चार रिकामे कॅन
- मोठा गंज किंवा बादली, परात, सांडशी, दाभण, सेलोटेप, जुने सुती फडके

कॅन चारच का? पहिला हमखास फुकट जातो, दुसरा शिकवतो, तिसरा जमतो, चौथा प्रदर्शनाला.

जागा मोरी किंवा गच्ची. ज्योतीचा प्रयोग चालू असताना पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात हे सांगणं सोपं आणि करणं अवघड, म्हणून मे महिन्यात हे काम सकाळी सातच्या आत उरका.

पाण्याचंही तसंच. मे महिन्यात दुपारी टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. "थंड पाणी घ्या" असं कुठेही लिहिलेलं असलं तर ते माठातलं समजा, नळातलं नव्हे. मात्र कोणत्या प्रयोगाला थंडावा खरंच लागतो आणि कोणत्याला नाही, यात मोठा फरक आहे. तो पुढे येईलच.

सावधान: दाभण तापवणं, मेणबत्ती, उकळतं पाणी आणि गॅस ही मोठ्या माणसाची कामं. ओढणी बांधलेली, केस मागे, अंगावर सुती कपडे. पाण्याची एक भरलेली बादली शेजारी ठेवा.

तपासा: मुलाने वहीत "काय होईल असं वाटतं" हे आधी लिहिलं का? नंतर लिहिलेला अंदाज नेहमीच बरोबर येतो.

## टप्पा २: उलटा गिलास आणि पुठ्ठा

लग्नपत्रिका यासाठी उत्तम, पण गुळगुळीत भाग कापा. उठावाचा गणपती छापलेला तुकडा घेतला तर बाप्पाच्या सोंडेपाशी फट राहते आणि पाणी तिथूनच सुटतं. हे आमच्याकडे घडलं आहे. वहीचा कागद भिजून लोंबतो आणि खोक्याचा नाळीदार पुठ्ठा पाणी पितो, त्यामुळे दोन्ही नकोत.

1. तुकडा काठाच्या बाहेर सगळीकडून दीड-दोन सेंटिमीटर राहील असा कापा.
2. गिलास काठोकाठ भरा. काठावरून बोट फिरवून तो ओला करा.
3. पुठ्ठा एका बाजूने टेकवत आडवा सरकवा. मोठा बुडबुडा अडकला तर पुन्हा भरा.
4. पुठ्ठ्यावर तळवा सपाट ठेवा. बोटांच्या टोकांनी दाबू नका, पुठ्ठा वाकतो.
5. बादलीवर धरून एका झोक्यात उलटा करा. तिरपा धरून थांबलात तर संपलं.
6. पाच सेकंद तसंच धरा. मग हात सरळ खाली घ्या. बाजूला ओढाल तर पुठ्ठाही सोबत येईल.

गिलासाचं तोंड ७ सेंटिमीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे खालून हवेचा जोर ३८ किलोंचा, आणि वरून पाणी पाव किलोही नाही. पाणी का पडत नाही याचं आश्चर्य हा हिशोब केल्यावर ओसरतं. उलट, एवढा जोर असताना एरवी ते पडतंच कसं, हा प्रश्न चांगला. एरवी उलट्या गिलासात पाणी एका बाजूने उतरतं आणि दुसऱ्या बाजूने हवा वर शिरते. पुठ्ठा आणि ओल्या काठावरचा पाण्याचा पापुद्रा तेवढी वाट अडवतात.

नेहमीची चूक: "गिलासात हवा नाही म्हणून पाणी पडत नाही." मग गिलास अर्धाच भरा आणि पुन्हा करा. हात सफाईदार असेल तर तरीही टिकतं. पुठ्ठा किंचित खाली फुगतो, आतली हवा तेवढीच पसरते आणि तिचा दाब जरासा उतरतो. तेवढा पुरतो.

पडताळा: प्लास्टिकच्या पेल्याच्या बुडाला तापलेल्या दाभणाने भोक पाडा. त्यावर अंगठा दाबून ठेवा आणि सगळ्या पायऱ्या पुन्हा करा. पुठ्ठा टिकला की अंगठा उचला. क्षणात सगळं खाली येतं, कारण वरूनही बाहेरच्या हवेचा तेवढाच दाब आला. मला विचाराल तर प्रदर्शनात काचेचा गिलास आणूच नका. हा भोकाचा पेलाच मांडा.

## टप्पा ३: भोक आहे, तरी पाणी येत नाही

हा प्रयोग लवकर होतो, पण बाटली पाहून घ्या. पाण्याची पातळ, दाबली की चुरगळणारी बाटली चालत नाही. ती स्वतःच आत चेपते आणि पाणी सोडत राहते.

1. बुडापासून ३ सेंटिमीटरवर तापलेल्या दाभणाने २ ते ३ मिलिमीटरचं भोक पाडा. एकच.
2. त्यावर सेलोटेप लावा.
3. नळाखाली बाटली गळ्यापर्यंत काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा.
4. बाटली गळ्याशी धरून टेप काढा. थोडं पाणी उडेल आणि थांबेल.
5. झाकण सैल करा: धार. घट्ट करा: बंद.

चुका तीनच होतात. शोभेसाठी वर-खाली दोन-तीन भोकं पाडली तर वरच्यातून हवा आत आणि खालच्यातून पाणी बाहेर. पेन्सिल जाईल एवढं भोक पाडलं तर त्यातूनच हवा गुडगुड करत शिरते. आणि बाटली मधोमध धरली तर हातानेच दाबली जाते.

"काठोकाठ भरा" यावर मी अडून बसतो, त्याचं कारण आहे. भोकाच्या वर २० सेंटिमीटर पाणी असेल तर त्याचा दाब चौरस सेंटिमीटरला २० ग्रॅम, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोन टक्के. धार थांबायला झाकणाखालच्या हवेचा दाब तेवढे दोन टक्के उतरायला हवा. त्यासाठी ती हवा दोन टक्के पसरली पाहिजे, आणि तेवढं पाणी आधी सांडलं पाहिजे. झाकणाखाली हवा चमचाभर असेल तर थेंबभर सांडतं. बाटली अर्धी रिकामी असेल तर बराच वेळ पाणी येत राहतं आणि मूल म्हणतं, प्रयोग फसला. फसलेला नसतो, थांबायचा असतो.

उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी ताटलीत उलटी बाटली ठेवतात, ती याच कारणाने एकदम रिकामी होत नाही.

## टप्पा ४: मेणबत्ती आणि चढणारं पाणी

इथे हात चुकत नाही, तोंड चुकतं. जवळपास प्रत्येक मूल सांगतं: "मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं." ऐकायला इतकं नेटकं वाटतं की बक्षीसही मिळतं. पण ते चूक आहे, आणि घरच्या घरी चूक ठरवता येतं.

1. ताटलीच्या मध्यावर मेणाच्या थेंबाने मेणबत्ती उभी करा. ज्योतीचं टोक गिलासाच्या बुडापासून निदान ३ सेंटिमीटर दूर राहील एवढीच उंची ठेवा.
2. मेणबत्तीभोवती तीन नाणी मांडा. गिलासाचा काठ त्यांवर टेकेल. नाणी नसतील तर काठ ताटलीला चिकटतो आणि पाण्याला आत यायला वाट राहत नाही. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.
3. रंगीत पाणी दीड सेंटिमीटर खोल ओता. काठ पाण्यात पूर्ण बुडाला पाहिजे.
4. मेणबत्ती पेटवून ज्योत स्थिर होऊ द्या.
5. काचेचा गिलास सावकाश खाली आणा, घाईने झाकू नका. ज्योतीभोवतीची हवा तापून पसरते आणि बाहेर जाते, ते आपल्याला हवंच आहे.
6. आता ज्योतीकडे नको, काठाकडे पाहा. बुडबुडे निघाले का?

पाणी कधी चढतं ते घड्याळ लावून लिहा. ज्योत चालू असताना फारसं काही होत नाही. ती मंदावते, विझते, आणि त्यानंतर पाणी झपकन वर येतं. ऑक्सिजन संपण्याने पाणी चढत असतं तर ज्योत जळत असतानाच हळूहळू चढलं असतं. खरं काम आधी तापून पसरलेल्या आणि मग गार होऊन आकसलेल्या हवेचं आहे. आतला दाब उतरला आणि ताटलीतल्या पाण्यावर बाहेरची हवा दाबतच होती, म्हणून पाणी आत ढकललं गेलं. ऑक्सिजन थोडा घटतो हे खरं, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ येते. शिवाय बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते.

पडताळा एक: त्याच गिलासाखाली तीन मेणबत्त्या लावा. गिलास तोच, ऑक्सिजन तेवढाच. तरी पाणी जास्त चढतं, कारण जास्त हवा तापून बाहेर गेली.

पडताळा दोन: ज्योतच नको. स्टीलच्या गिलासात उकळतं पाणी ओतून अर्धा मिनिट ठेवा. फडक्याने धरून रिकामा करा आणि लगेच ताटलीतल्या पाण्यात नाण्यांवर उलटा ठेवा. आतलं दिसत नाही, पण ताटलीतली पातळी उतरते ती दिसते. जळलं काहीच नाही, तरी पाणी आत गेलं.

सावधान: हा दुसरा पडताळा साध्या काचेच्या गिलासात करू नका. उकळत्या पाण्याने तडकतो.

एका वर्षी शेजारच्या मुलीने हे दोन्ही पडताळे मांडले, आणि परीक्षकांनीच तिला "ऑक्सिजनचं सांग ना" म्हणून टोकलं. तिने तीन मेणबत्त्या पेटवून दाखवल्या. बक्षीस नाही मिळालं. पण परीक्षक जाताना एक मेणबत्ती मागून घेऊन गेले.

## टप्पा ५: बाटलीत जाणारं अंडं

सगळा खेळ बाटलीच्या तोंडाचा आहे. सोललेलं अंडं निमुळत्या टोकाने ठेवलं की साधारण एक तृतीयांश आत रुतावं आणि तिथेच अडकावं. बोटाने हलकं दाबल्यावर आत घसरलं तर तोंड मोठं. नुसतं टेकून बसलं तर लहान, आणि मग अंडं फाटतं. सॉसच्या बाटलीचं तोंड बहुधा अरुंद पडतं. मोठं अंडं बसत नसेल तर गावरान अंडं आणा, ते आकाराने लहान असतं. घरात अंडं चालत नसेल तर पाण्याने भरलेला छोटा फुगा घ्या. फुगा बाहेरून ओला करा, नाहीतर काचेला चिकटून फुटतो.

1. अंडं १० ते १२ मिनिटं उकडा, माठातल्या पाण्यात गार करा आणि पाण्यातच सोला. पांढऱ्यावर एकही चीर नको.
2. बाटलीच्या तोंडाला आतून तेलाचं बोट फिरवा.
3. बाटलीत आधी कोमट, मग कडक गरम पाणी भरा. एकदम उकळतं ओतलं तर काच तडकते.
4. एक मिनिट ठेवून फडक्याने धरा आणि पाणी ओतून टाका.
5. लगेच अंडं ठेवा, निमुळतं टोक खाली. "लगेच" म्हणजे तीन-चार सेकंदांत.
6. थांबा. बाटलीभोवती ओलं फडकं गुंडाळलं तर काम लवकर होतं.

जळता कागद टाकायची पद्धत जास्त झटपट आहे, पण ती मी मुलांना देत नाही. राख अंड्याला लागते, बोटं भाजतात, आणि लगेच ते ऑक्सिजनचं पालुपद सुरू होतं.

सावधान: गरम बाटली बर्फात बुडवू नका. ओलं फडकं पुरे.

हाच तो प्रयोग, ज्याला नागपूरचा उन्हाळा नडतो. नुसत्या हवेचा हिशोब करू. बाटलीतली हवा ८० अंशांपर्यंत तापली आणि मेमधल्या ४३ अंशांच्या खोलीत गार झाली, तर दाब सुमारे १० टक्केच उतरतो. जानेवारीच्या सकाळी ती १५ अंशांवर आली तर १८ टक्के. जवळजवळ दुप्पट जोर. बाटलीत राहिलेली वाफ गार होऊन आणखी थोडी मदत करते, पण अंडं घट्ट असेल तर मे महिन्यात ते गळ्याशीच बसून राहतं. अशा वेळी फडकं माठाच्या पाण्यात भिजवा, किंवा प्रयोग हिवाळ्यावर ढकला.

अंडं बाहेर कसं काढायचं? बाटली उलटी करा, अंडं गळ्याशी येऊ द्या. तोंड लावून जोरात फुंका आणि चटकन चेहरा बाजूला घ्या. फुंकर अंड्याच्या कडेने आत जाते, आतला दाब वाढतो आणि अंडं बाहेर येतं. कधी कधी जरा जास्तच वेगाने.

## टप्पा ६: चेपणारा कॅन

पोरांना हाच हवा असतो आणि हाच सगळ्यात जास्त फसतो. दोष पाण्याच्या थंडाव्याला दिला जातो. कोणी फ्रीज रिकामा करून बर्फ आणतं, तरी कॅन जेमतेम पिचतो. खरी चूक आधी झालेली असते: कॅनमधली हवा बाहेर गेलेलीच नसते.

अंड्याच्या बाटलीत गरम हवा होती. ती गार झाली की आकसते, पण राहते तिथेच. इथे कॅनमध्ये हवेऐवजी वाफ भरायची आहे. वाफ गार झाली की तिचं पाणी होतं आणि जागा जवळपास रिकामी पडते. एक मिलिलिटर पाण्याची सुमारे १७०० मिलिलिटर वाफ होते. हाच हिशोब उलटा चालवा, म्हणजे कॅन इतका जोरात का चेपतो ते कळेल. नळाचं पाणी ४० अंशांचं असलं तरी त्या तापमानाला वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या ७-८ टक्केच उरतो. म्हणून बर्फ असला तर छान, नसला तरी बिघडत नाही. वाफ मात्र पूर्ण भरलेली हवी.

आधी रिकाम्या, थंड कॅनवर तालीम करा. तळहात वर राहील अशी सांडशी धरा आणि कॅन बुडाजवळ पकडा. मग मनगट फिरवलं की कॅन सहज उलटा होतो. तळहात खाली ठेवून धरला तर अर्ध्यातच मनगट अडतं आणि गरम पाणी हातावर येतं. दहा वेळा करा.

1. गंजात किंवा बादलीत निदान १० सेंटिमीटर खोल पाणी घ्या आणि ते गॅसच्या अगदी शेजारी ठेवा. दोन पावलंही चालायला लागू नयेत.
2. कॅन विसळून त्यात दोन मोठे चमचे पाणी घाला.
3. गॅसवर पापड भाजायची जाळी ठेवून त्यावर कॅन उभा करा. आच मध्यम.
4. पाणी खदखदल्याचा आवाज येईल. ही वेळ उचलायची नाही.
5. तोंडातून वाफेची जोरदार, सलग धार दिसू लागली की तिथून पूर्ण एक मिनिट मोजा.
6. गॅस बंद करा. सांडशीने उचला, पाण्यावर न्या, मनगट फिरवून तोंड खाली करा आणि तोंड पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवा. उचलण्यापासून बुडवण्यापर्यंत दोन सेकंद.

धाडकन आवाज येतो. ३०० मिलिलिटरच्या कॅनचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर असतो, म्हणजे सगळ्या बाजूंचा जोर मिळून ३०० किलोंच्या घरात.

सावधान: पाणी न घालता कॅन कधीही तापवू नका. रंग जळून घाण धूर होतो आणि पातळ पत्रा वितळूही शकतो. आणि तापवताना कॅनचं तोंड बूच, टेप, चिकणमाती, कशानेही बंद करू नका. बंद भांड्यातली वाफ फुटते.

न चेपलेला कॅन आणला की मी हे विचारतो:

- तोंड वर ठेवून बुडवला का? मग गार होताना बाहेरची हवा आरामात आत शिरली.
- उचलल्यावर "बघा बघा" करत थांबलात का? तेवढ्यात हवा परत आली.
- उकळी दिसताच उचलला का? आत अजून हवा होती.
- कडा टोचतात म्हणून वरचं अख्खं झाकण कापलं का? मग पाणीच भसकन आत भरतं, कॅनला चेपायला वेळ मिळत नाही. तोंड लहान असण्यातच गंमत आहे.
- डबा पत्र्याचा, जाड होता का? तो चेपणार नाही.

तपासा: चेपलेला कॅन उचलल्यावर त्यातून घातलं त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी बाहेर पडतं. ते मोजून वहीत लिहा. बाहेरची हवा पत्र्यालाही ढकलत होती आणि गंजातल्या पाण्यालाही, याची ही खूण.

## वेळ उरला तर: सिरिंजमधली उकळी

मेडिकलमधून सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज आणा. बोट ठेववणार नाही इतकं गरम, पण उकळतं नाही असं पाणी ५ मिलिलिटर घ्या. हवा काढून टाका, टोकावर अंगठा फडक्यासकट घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे ओढून धरा. पाणी बुडबुडे सोडत उकळू लागतं. पहिल्या ओढीला विरघळलेली हवाही निघते, म्हणून ती बाहेर ढकलून दुसऱ्यांदा ओढा. तरीही उकळलं तर ती खरी उकळी. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. नागपुरात चहाचं पाणी १०० ऐवजी ९९ अंशांच्या आसपास उकळतं, तेही याच कारणाने.

## प्रदर्शनाच्या टेबलावर

शाळेत गॅस लावू देत नाहीत आणि देऊही नये. कॅन घरी चेपून न्या, शेजारी साबूत कॅन ठेवा आणि पायऱ्यांचे फोटो लावा. टेबलावर जिवंत प्रयोग दोनच: भोकाचा पेला आणि झाकणाची बाटली. दोन्हींना पाणी सोडून काही लागत नाही. बादली आणि दोन फडकी न्या. फरशी ओली झाली की आधी पुसा, मग बोला. मागे एका शाळेत पाहुणेच घसरता घसरता वाचले होते.

बोलताना क्रम असा: आधी पाहणाऱ्याला "काय होईल?" विचारा, मग प्रयोग, मग पडताळा, आणि कारण सगळ्यात शेवटी. मुलं सुरुवातीलाच पाठ केलेलं कारण म्हणून टाकतात आणि मग पुठ्ठा टिकला तरी कोणाला नवल वाटत नाही. गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात एकदा मुलाला नेलंत तर पाहणारे लोक मांडणीसमोर कुठे थांबतात आणि कुठे पुढे सरकतात, तेवढं त्याला बघू द्या. त्यावरून टेबल कसं मांडायचं ते त्याला आपोआप सुचेल.

परतल्यावर दाभण जागेवर, अंडं कचऱ्यात, तेही तेल लागलेलं आणि बाटलीत फिरलेलं असल्यामुळे खायचं नाही, आणि भोकाचा पेला वेगळा ठेवा. आमच्याकडे तो एकदा पाहुण्यांना पाणी द्यायला गेला होता. चेपलेले कॅन भंगारवाला घेतो, मात्र "हे आधीच चेपून कशाला ठेवले?" असं विचारतो.